तीस मायक्रॉन

दगड पातळ करायचा असतो.
एवढंच काम. एकतीस वर्षं.
आधी करवतीवर चीप कापायची,
मग काचेवर कार्बोरंडमची भुकटी, पाण्याचे चार थेंब,
आणि बोटांखाली दगड गोल गोल फिरवत राहायचा,
दोनशेवीस नंबर, चारशे, सहाशे, हजार,
केसाच्या निम्म्याहून बारीक होईस्तोवर,
दगडातून उजेड जाईस्तोवर.

बाप गोळीबार चौकात मागावर बसायचा.
नोकरी लागली तेव्हा त्याला सांगितलं, दगड घासायचे आहेत.
म्हणाला, "काऊन रे, नदी कमी पडली काय?"
पुढे एकदा त्याला आणलं,
सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला लावला.
सीताबर्डीच्या टेकडीचा काळा दगड होता,
आत पांढऱ्या-काळ्या काड्याच काड्या.
बराच वेळ बोलला नाही.
मग म्हणाला, "उभं नाही, आडवं नाही,
तरी वीण घट्ट आहे बाप्पा."

या मे महिन्यात उरकुडे मॅडम पेटी घेऊन आल्या.
बाहेर सेहेचाळीस पूर्णांक आठ.
गिट्टीखदानच्या स्टॉपवर डांबर चपलेला धरत होतं.
पेटीत मेट्रोच्या खांबासाठी पाडलेल्या भोकातली नळकांडी.
साडेबावीस मीटरवर, दोन काळ्यांच्या मधे,
वीतभर राखाडी गार.

"पराते काका, हे तळं आहे," त्या म्हणाल्या.
"खालचा लाव्हा थंड झाला, वरचा यायचा होता.
मधल्या सुट्टीत इथे पाणी साचलं.
सुट्टी किती वेळ होती, तेवढंच मला पाहिजे."

मी घासायला बसलो.
कूलरची खस वाळली होती, पंखा नुसता बोंबलत होता.
चारशेवर काही नाही. सहाशेवर
एक वळण दिसलं, मोहरीएवढं,
मग वळणाच्या आत वळण.
गोगलगाय.
शिंपल्याच्या जागी गार भरलेली,
पण वळण तिचंच.
तळ्याच्या काठी कुठेतरी चरायला निघाली असेल,
सुट्टी संपत आलीय हे तिला कोण सांगणार?

इथे घाई चालत नाही.
भिंगाखाली पिवळा रंग असतो तोवर घासायचं,
पिवळा गेला, करडा आला, की थांब.
दोन फेऱ्या जास्त झाल्या
तर काचेवर दगडच उरत नाही, नुसता ओला डाग.
पहिल्या वर्षी मी असे अकरा दगड संपवले.
एकदा तर संडासात जाऊन रडलो.

निबंध छापून आला. चौदा नावं.
शेवटच्या ओळीत आभार, पातळ छेदांसाठी,
माझ्या आडनावात एक अक्षर जास्त.
वय निघालं सहा कोटी साठ लाख वर्षं,
अधिक-उणे तीस हजार.
त्या अधिक-उण्यात
बापाचा माग, भोसल्यांचं राज्य, माझी पेन्शन,
सगळी चिल्लर.

मॅडम चहा घेत म्हणाल्या,
"तेव्हा हवा तापायला हजारो वर्षं लागली, काका.
आणि आपण, तुमच्या एका नोकरीत…"
बशीत सांडलेला चहा त्यांनी रुमालाने पुसला.
वाक्य तसंच राहिलं.

एकतीस जुलैला मी निघतो.
जागेवर कंत्राटी पोरगा आलाय, यश्वीन डुंबरे,
हात बरा आहे, पण बोटं घाबरतात.
"काका, थांबायचं कधी, ते कसं कळते?"
मी त्याला करड्याचं सांगितलं.
दहादा सांगितलं.

संध्याकाळी गच्चीवर गेलो.
कोराडीकडच्या चिमण्यांवर आभाळ पिवळं होतं.
मी कठड्याला टेकून पाहत राहिलो,
सवयच आहे, रंग बदलेस्तोवर मान हलत नाही.
पिवळा गेला.
खालून पोरगा ओरडला,
"काका! करवत चालूच राहिली ना!"