रकाना चौदा

विडी घरकुलाच्या तिसऱ्या गल्लीत
दुपारी दोनला सावली फक्त दारांच्या आत असते.
मी उंबऱ्यावर. मांडीवर फळी, फळीला चिमटा,
चिमट्यात अठरा पानं.
समोर राजव्वा गड्डम. तिच्या मांडीवर सूप,
सुपात जर्दा, दोरा, भिजवून कापलेली पानं.
दोघी पानंच भरत बसलोय.

प्रश्न चौदा वाचते:
गेल्या बारा महिन्यांत दवाखान्यावर झालेला खर्च, रुपयांत.
तिचा हात थांबत नाही.
"सुन्ना," म्हणते. मग माझ्यासाठी,
"काय नाय ओ बाई, शून्य लिवा."

मी शून्य लिहिते.
गोल, स्वच्छ,
धडधाकट माणसाचं असतं तसं.

तेवढ्यात तिला खोकला येतो.
तो सरेपर्यंत ती दोरा दातांत धरून थांबते
आणि बोटं मात्र विडी वळतच राहतात.
कागदाबाहेरचं काही विचारायचं नाही,
असं प्रशिक्षणात दोनदा बजावलंय.
मी विचारते.

"सिव्हिलला गेलं तर दिवस जातो की.
दिवस म्हंजे हजार विड्या.
केसपेपरच्या लायनीतच बारा वाजतेत,
मग म्हंतेत फोटो काढायला उद्या या. आनि हजार.
परवा नळ येतंय, पाच दिवसांनी येतंय,
सोडून जाऊ का?
त्याच्या दुसऱ्या दिवशी ब्रँचला माल द्यायचा,
तितं दोनशे छाटून टाकतेत.
आता तुमीच सांगा,
कुठल्या वारी आजारी पडू?"

औषध फुकट आहे, हे तिला ठाऊक आहे.
फुकट औषधाला दोन हजार विड्या पडतात
हे मला आज कळलं.
समासात पेन्सिलीनं लिहिलं: गेली नाही.

संगणकाला समास दिसत नाही.
सातरस्त्याच्या भाड्याच्या खोलीत तक्ता तयार झाला:
पूर्व भाग, दरडोई आरोग्यखर्च, सर्वांत कमी.
खाली कुणीतरी टाईप करून ठेवलेलं,
सबब अतिरिक्त निधीची निकड नाही.

इंगळगी मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला.
"एवढी शून्यं? आणि सगळी विडीवाल्यांचीच?"
मी समासाचं सांगितलं.
त्या रागावल्या नाहीत. गठ्ठे मागवले.

तीन रात्री, भिंतीपलीकडे मागांची खटखट,
आम्ही शून्यं निवडत होतो,
तांदळातले खडे निवडावेत तशी.
आजारीच न पडलेल्यांची इकडे,
पडूनही न गेलेल्यांची तिकडे.
तिकडचा ढीग दोनदा कोसळला.

बैठकीत आम्हाला मिळाली पंधरा मिनिटं,
त्यातली चार चहात गेली.
एक साहेब म्हणाले, लोक खर्चच करत नाहीत
तर गरज आहे कशावरून?
मॅडमनी दोन ढिगांचा तक्ता पुढे सरकवला
आणि विचारलं,
हजार विड्यांची मजुरी किती, कुणी सांगेल?
पंखा फिरत राहिला.
त्या टेबलाभोवती
कुणालाच माहीत नव्हतं.

पुढचं फार नाही.
ब्रँचशेजारी एक खोली, पत्र्याची पाटी:
मंगळवार, शुक्रवार, माल देण्याच्या वेळेला डॉक्टर.
फोटोचं यंत्र मागितलं होतं, ते विचाराधीन.
गोळ्यांच्या पैशाचं विचाराधीन.
बुडालेल्या मजुरीचं कलम
टिप्पणीतून कधी गळालं, कळलं नाही.

वर्षानं पुन्हा तोच उंबरा.
प्रश्न चौदाला आता पोटप्रश्न आहे:
गरज असूनही गेला नाहीत का? कारण?
खाली चार ओळी मोकळ्या.

राजव्वा सूप बाजूला सारत नाही,
पण मान वर करते.
"मंगळवारी जाते की.
शुक्रवारी तुमचा डॉक्टर येत न्हाई, ते लिवा."

मी लिहिते.
ती वाकून बघते, वाचता येत नाही तरी,
ओळ किती लांब झाली ते.