सोळाशे फूट

जालन्यात आलेलं भंगार भट्टीतच जातं.
हे लढाऊ विमान तेवढं राहिलं,
मोईनुद्दीनच्या शेडमध्ये, चाकांखाली विटा.
भट्टीवाले तीनदा भाव करून गेले.
‘इकायचं न्हाई. बघा. चढू नका.’

नववीत असताना मी चढलो होतो.
उंची सांगणारी तबकडी
दप्तरात घालून अंबडला नेली.
एकतीस वर्षं टेबलाच्या खणात.

आज परत आणली.
त्या जागी त्यानं दुसरं काहीच बसवलं नव्हतं,
भोकावर नुसतं मलमलीचं फडकं,
धूळ जाऊ नये म्हणून.

रागावला नाही.
तंबाखूच्या डबीतून चार स्क्रू काढले,
पेचकस माझ्या हातात:
‘तूच बसव. हळू.’

काचेवर टिचकी मारली.
काटा थरथरला, सोळाशेवर थांबला.
‘बरोबर हाय,’ म्हातारा म्हणाला,
‘जालना तेवढं उंच हायेच.’