राखेचा रंग

फ्रिजवर चुंबकाने लटकलेला कागद,
मांद्रेच्या निसर्गोपचारवाल्याने दिलेला:
डावीकडे आम्ल, उजवीकडे आम्लारी,
आणि वर लाल शाईत, चूल बंद.
पायाचा अंगठा जांबासारखा लाल सुजलेला,
म्हणून मी मान डोलावली.

सदतीस वर्षं केप्याच्या शाळेत
प्रयोगशाळेच्या नळ्या धुतल्या.
निळा कागद लाल का होतो,
ते पोरांना सरांच्या आधी मीच सांगायचो.
तेव्हा माझं भांडण
लिंबापासून सुरू झालं.

लिंबू, ओळ तिसरी, उजवीकडे.
बिमलां, करमलं, आंबाडे,
जिभेवर ठेवताच एक डोळा मिटायला लावणारी
सगळी टोळी सोवळं नेसून
मवाळांच्या पंगतीत.
आणि काजू डावीकडे!
माझ्या परसातला, ओला,
सोलताना बोटं काळी करणारा काजू
दोषी.
विमानातून आलेला बदाम निर्दोष.

बाजारात पिएदादला म्हटलं, ऐक हे.
तवशांच्या राशीमागून ती म्हणाली,
"बाब, आंबट तें आंबट. कागदाक कितें कळटा?"
आणि तागडीत वर एक तवशें टाकलं, फुकट.
(तवशें उजवीकडे. त्यावर वाद नाही.)

उपचारवाल्याला फोन लावला.
तो म्हणाला, काका, चवीवर जाऊ नका.
पोटात जळल्यावर मागे काय उरतं ते बघायचं.
राख बघायची.

बघायची तर बघायची.
निवृत्तीच्या दिवशी खिशातून घरी आलेली
चिनी मातीची मूस माझ्याकडे होती,
आणि लिटमसची अर्धी वही.
सतरा दिवस मोड आलेले मूग, किसलेली पपई,
आडसराचं पाणी, यांवर काढून
त्या रात्री मी गॅस पेटवला.
शेजारच्या रेमेदियोसने खिडकीतून पाहिलं
आणि समाधानाने पडदा ओढला.

लिंबाची साल जळताना
आधी लोणच्याचा वास, मग केसांचा,
मग कशाचाच नाही.
चिमूटभर राखाडी पूड, वर पाण्याचे दोन थेंब,
लाल पट्टी बुडवली.
निळी.
सदतीस वर्षांत इतकी निळी पाहिली नव्हती.

तांदूळ हट्टी. कोळसा होऊन बसला,
पांढरा व्हायला मध्यरात्र उलटली.
त्याच्या पाण्यात निळी पट्टी
जराशी लाजली, एवढंच.
काजू जाळायला हात धजला नाही.

एक राख मी तपासलेली नाही.
कुशावतीच्या काठी मडक्यातून ओंजळीत घेतली होती,
पाणी समोर होतं,
सवयीने खिशात एखादी पट्टीही असेल.
कुमुदिनी आंबट बोलायची.
सोलांची कढी तिची आणि शब्द तिचे,
दात शिवशिवायचे.
बोलून झालं की माझ्या पानात
माशाचा मधला तुकडा वाढायची,
स्वतःला शेपटी.
भटजी म्हणाले सोडा, मी ओंजळ सोडली.

लाल पट्टी अजून एक आहे वहीत.
काल रात्री ती हातात धरून बसलो
आणि कोणी विचारलेलं नसताना म्हटलं,
निळी झाली असती.

सकाळी पोदेराचा भोंपू वाजला.
पोय: भाजलेली, शिवाय डावीकडची,
म्हणजे दोन्ही गुन्हे.
दार उघडलं नाही.
लिंबू चिरलं, तवशावर पिळलं,
एक डोळा आपोआप मिटला.

खिडकी मात्र उघडी ठेवली.
वास कुठल्या रकान्यात धरायचा
ते कागदावर दिलेलं नाही.