हजेरी

चिंदविनच्या अलीकडे, नकाशात नाव नसलेला एक ओढा.
काठचा बांबू इतका दाट
की भर दुपारी स्वतःची बोटं मोजायला
हात डोळ्यांशी आणावा लागे.
सकाळी आम्ही बाराजण होतो.
दिवस कलता कलता दोघे उरलो:
मांडीत गोळी घेऊन पडलेला मी,
आणि म्याग्दीचा हस्तबीर पुन.
बुटका, जरासा तिरळा,
परेडला हमखास पाय चुकणारा.

सात काडतुसं. एक कुकरी.
जळवांसाठी मिठाची पुरचुंडी, तीही घामाने विरघळलेली.
ओढ्यापलीकडे जपान्यांचे डबे वाजत होते,
किती डबे ते मोजून काय करायचं?
"दाइ, तू नीघ," मी म्हणालो.
"बूट ओले आहेत," तो म्हणाला, "वाळू देत."
असलंच काहीतरी बोलायचा तो.

जंगलातला काळोख वरून उतरत नाही,
मुळांतून चढतो,
आधी गुडघे जातात, मग हात, मग शेजारचा माणूस.
हस्तबीरचा चेहरा गेला
आणि त्याने हजेरी घ्यायला सुरुवात केली.

हवालदाराच्या घोगऱ्या आवाजात पुकारलं, "मनलाल घर्ती!"
मग वीस हात सरपटत जाऊन
डावीकडून अडखळला, "ह-ह-हजुर!"
मनलाल असाच अडखळायचा.
सकाळीच गेला होता तो. त्याच्या उघड्या तोंडात मुंग्या मी पाहिल्या होत्या.
"जुठे आले!"
ओढ्याच्या वळणावरून आधी जुठेचा खोकला, मग हजुर.
"खर्कबीर!"
खर्कबीरला हजेरीत हसू यायचं, त्यापायी किती शिक्षा भोगल्या.
काळोखात तो हसला.
हस्तबीरच तो, मला पक्कं ठाऊक होतं,
तरी मान वळवून मी पाहिलं
मेणकापडाखाली झाकलेल्या रांगेकडे.

पलीकडचे डबे वाजायचे थांबले.

रात्रभर हेच. नावं, हजुर,
बांबूवर कुकरीची उलटी बाजू ठकठक,
इथून एक गोळी, तिथून एक.
दोनदा ते पाण्यात उतरले.
पहिल्यांदा त्याने उरलेली काडतुसं संपवली.
दुसऱ्यांदा कुकरी घेऊन तोही पाण्यात उतरला.
त्यावर तो कधी बोलला नाही. मीही विचारलं नाही.
परतला तो काठावर बसून
कोपरापर्यंत हात वाळूने घासत राहिला,
उघड्यावर, खुळ्यासारखा,
कुणीही टिपला असता.

पहाटे त्याचा घसा बसला.
शेवटच्या नावाशी अडला.
माझ्या आवाजाची नक्कल त्याला येत नव्हती,
की करायची नव्हती?
"टुले," नुसता पुटपुटला.
मी म्हणालो, "हजुर."

मदतीची तुकडी आली तेव्हा धुकं होतं.
कोवळ्या लेफ्टनंटाने विचारलं, "बाकीचे कुठे आहेत?"
हस्तबीरने बोट गोल फिरवलं.
सगळीकडे.

पदक मिळालं त्याला. त्यासोबतच्या कागदावर
रात्र चार ओळींत बसवली होती,
हजेरीचं त्यात काहीच नव्हतं.

अकरा वर्षांनी काठी टेकत त्याच्या गावी चढलो.
चार दिवसांची चढण, माझ्या पायाला सहा.
मका सोलत बसला होता. म्हणाला, "बूट वाळले."
दोघेही हसलो, नको इतका वेळ.
सांज झाली तसा तो बांधावर उभा राहिला
आणि खालच्या उतारावरच्या शेळ्यांना हाका मारू लागला.
मनलाल. जुठे. खर्कबीर.
दाढीवाला बोकड हवालदार होता.
मी बोटांवर मोजत होतो, दहा भरली.
मागून एक लंगडं करडू हाकेवाचून आलं
आणि थेट गोठ्यात शिरलं.
"याला नाव नाही?"
हस्तबीरने फाटक लावून घेतलं.
"ते आपणहून येतं," म्हणाला.