पडताळणी चालू आहे

खोर फक्कान. हॉलच्या मागं, भटारखान्याच्या दाराशी
रात्रीचे पावणेदोन.
मांडीवर ते यंत्र, जेवणाच्या डब्याच्या झाकणाएवढं,
कडेला कार्डाची खाच,
वर काड्यापेटीएवढा पडदा.
कार्ड आत सारलं की तबकडी आधी कण्हते,
मग सूर धरते. तंबोऱ्यासारखा नाही,
जुन्या फ्रिजसारखा.

पहिलं कार्ड. चौदा टक्के.

बायकांची बाजू, म्हणून मी.
दारावर प्रत्येकीचा फोन काढून घेतात,
पिशवीत घालून बिल्ला देतात,
देवळाबाहेर चपलांना देतात तसा.
मग साडेचारशे बायकांत एकच डोळा आत जातो,
माझ्या गळ्यात लटकत.
आत गेल्या गेल्या काळं सगळं खुंटीवर,
आणि खालून निघतं फिरोजी, डाळिंबी, कच्च्या कैरीचं हिरवं,
केस मोकळे सोडून नाचणाऱ्या मावश्या,
एकमेकींचे झुमके ओढणाऱ्या शाळेतल्या मैत्रिणी.

एकतीस.

समोर उम्म सैफ, नवरीची आत्या,
खुर्ची ओढून बसली आहे. आकड्यांवरून नजर हलवत नाही.
तिच्या हातात कराराचा कागद:
यंत्र आमचं. कार्डं इथंच, माझ्यासमोर, कोरी.
तुझ्याकडे काही नाही.

आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात,
एक प्रत म्हणजे एकही नाही.
दोन ठेव, तिसरी दुसऱ्या गावी ठेव,
आग लागते, पाणी शिरतं, तबकडी मरते.
मी म्हटलं तिला. मोडक्या अरबीत, हातवारे करून.
ती म्हणाली, आगीचं आम्ही बघू.

बाहेर पार्किंगमधून नझीर परकारचा फोन.
दाभोळचा. गाडी चालू ठेवून झोपतो, एसीसाठी.
"झाला काय गो?"
"चौथं चालू आहे."
"पोरगी कशी व्हती?"
मी फोन ठेवला.

चौथ्या कार्डाशी ती थांबवते मला. बोट पडद्यावर.
नखाएवढं चित्र:
आरशाशेजारच्या स्टुलावर मीच,
तोंडात केसांच्या पिना, हसताना मिटलेले डोळे,
अर्धी चौकटीबाहेर.

मौझानं काढलं होतं.
मेंदी वाळत नव्हती, कंटाळली होती,
आईनं पाठ फिरवताच माझ्या गळ्यातून कॅमेरा उचलला
दोन्ही तळव्यांत, बोटं ताठ उभी ठेवून,
आणि म्हणाली, आता तू बस.
पट्ट्यावर तिची मेंदी अजून आहे. ओली होती.

अकरा वर्षं झाली मला या किनाऱ्यावर.
लग्नं तीनशेच्या वर.
माझा फोटो म्हणाल तर कामाच्या परवान्यावरचा,
पांढऱ्या भिंतीपुढं, कान दिसतील असा.

उम्म सैफ चित्राकडे बघते, माझ्याकडे, परत चित्राकडे.
मला वाटलं, म्हणेल, हे तुझं, घे.
तोंडाशी आलं होतं माझ्याही.
ती म्हणाली,
"हे राहू दे. आमच्यात."

शंभर.
पडताळणी चालू आहे, म्हणतो पडदा,
आणि वीस मिनिटं ते एकेक चित्र पुन्हा मोजत बसतं
कुणी वाटेत गळालं का.
आम्ही दोघी गहवा पितो. ती मला खजूर सोलून देते,
बी स्वतःच्या मुठीत ठेवते.

मग कार्डं, एकामागून एक.
*सर्व माहिती पुसली जाईल. नक्की?*
सहा वेळा नक्की.
"खलास?" ती विचारते.
हा शब्द आपल्याकडेही आहे,
फक्त आपल्याकडे तो माणसाला लावतात.
"खलास," मी म्हणते.

बोगद्यात दिवे पिवळे, एकामागून एक काचेवरून जातात.
परकार समोर बघून चालवतो.
डबीत सहा कार्डं,
भरलेली होती तेव्हाही एवढीच हलकी होती.
"भूक लागली असंल," तो म्हणतो,
"मासाफीला परोठे मिळतील."
मी पट्ट्यावरचा डाग अंगठ्यानं घासून बघते.
निघत नाही. बरं झालं.
उद्या फुजैरा, पाच वाजता,
नवरीचं नाव अजून कळवलेलं नाही.