तिसरा कप

अस्मारात, दार लावून, लेतेब्रहान कॉफीच्या बिया भाजते.
बिया तडतडतात तेवढ्यातच आम्ही नावं घ्यायची:
तेस्फालिदेत. मेब्राहतू.
धाकटा नात्नाएल, त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं.
धूर दाटला की खोकल्याआडून आमेन.

शेजारणीला वाटतं, किती कॉफी पितात ही माणसं.
की वाटत नाही तिला तसं? काल तिनंच
न मागता आलं आणून दिलं,
आणि घरी जाऊन रेडिओ मोठा केला.

तिकडे वाळवंटात लोखंडी कंटेनर. बोटींवर माल वाहायचा कधी.
दुपारी भिंतीला हात लागला तर कातडी सोलते,
पहाटे तीच भिंत घामेजते,
आणि आतले ते थेंब चाटतात.
सुटून आलेल्या एकानं सांगितलं.
पुढचं सांगितलं नाही.

आधी मी सुटका मागायचे.
मग नुसतं पत्र.
आता म्हणते: प्रभू, दुपारी दोनला
त्या पत्र्यावर एक ढग धर,
हातभर असला तरी चालेल.
पहारेकऱ्यालाही मिळू दे त्याची सावली.
अठराव्या वर्षी त्यालाही असंच धरून नेलंय.

तिसऱ्या कपाला इथे बेरेका म्हणतात, आशीर्वाद.
तोवर कॉफी पाण्यासारखी फिकी झालेली असते.
लेतेब्रहान एक कप जास्तीचा भरते.
निवून जातो तो.