दोर

आठ महिने वहीत दोन रकाने होते.
डावीकडे रिकामी जमीन, केम्चीच्या वरच्या अंगाला,
अर्धा हेक्टर, पिवळ्या काटेरी झुडपांनी गिळलेली,
पाय ठेवला की बूट सोडत नाही अशी.
उजवीकडे तयार घर, खाडीच्या पलीकडे.

लिंदोर डावीकडचा.
सामन माशांच्या पिंजऱ्यांवर बारा बारा तास उभा राहून
त्याला स्वतःच्या उंबऱ्याची भूक लागलेली.
"दुसऱ्याच्या घरात," तो म्हणे,
"दुसऱ्याच्या खोकल्याचा वास राहतो."
मी उजवीकडची. मी विचारी,
पाणी कुठून आणशील? विजेचं काय?
मग विजेचं अंदाजपत्रक आलं :
सहा खांब, एक तार,
आणि आकडा जमिनीच्या किमतीहून मोठा.
आम्ही हसलो. मग जेवताना कुणीच बोललं नाही.

नोल्बेर्तो मान्सियाचं घर मी तीनदा पाहून आले.
होड्या बांधणाऱ्याने बांधलेलं;
सांध्यात नख जाऊ नये असे कोपरे.
बाहेर आलेर्सेची लाकडी कौलं,
खवल्यांसारखी, पावसाने रुपेरी झालेली.
आत जमीन कललेली,
दारात वाटाणा सोडला की चुलीपाशी जाऊन थांबतो.
न्हाणीत बुरशी. चूल मात्र
एका काडीत पेटते.

"विकायचंय," तो म्हणाला, "पण घरच.
खालची जागा भाच्याची.
त्याला तिथे पर्यटकांसाठी खोल्या काढायच्यात.
मार्चपर्यंत उचला,
नाहीतर तो सरपण करील."

उचला!
जशी काही बटाट्यांची टोपली.

त्या रात्री लिंदोरने वही ओढली
आणि दोन रकान्यांमधली रेघ खोडली.

आमच्याकडे मिंगा म्हणतात त्याला :
मजुरी नाही, पोटभर जेवण.
काचा काढल्या, धुराडं उतरवलं,
कपाटांची दारं सुतळीने बांधली,
घराखाली दोन लांब ओंडके सरकवले.
बैलांच्या बारा जोड्या.
बारावी एर्नान चिग्वायची,
चार वर्षं लिंदोरशी न बोललेल्या एर्नानची.
अजूनही बोलला नाही. बैल मात्र जुंपले.

घर आधी कण्हलं,
मग हललं.
घरातून माणसं निघताना खूप पाहिली होती;
घरच निघालंय, दार पुढे करून,
हे पहिल्यांदा.
घर पाहावं बांधून, असं म्हणणाऱ्याच्या
हातात एकदा हा दोर द्यायला हवा.

भरती चारला आली.
पिंपं बांधलेली, दोन लाँचींनी ओढलेलं,
ते पाण्यात कमरेएवढं बुडून चाललं.
बिनकाचेच्या खिडक्यांतून खाडी आत डोकावली,
स्वयंपाकघरात फिरली, बाहेर पडली.
सगळे घराकडे बघत होते.
नोल्बेर्तो मागे बघत होता,
किनाऱ्यावरच्या त्या फिकट चौकोनाकडे,
जिथे चाळीस वर्षांत पाऊस पडला नव्हता.

आता ते आमच्या चिखलात उभं आहे,
नव्या खांबांवर, नको त्या दिशेला तोंड करून :
सकाळ न्हाणीत येते,
मावळत्या उन्हाला दाराबाहेर ठेवावं लागतं.
जमीन आता दुसऱ्या बाजूला कलते.
वाटाणा दाराकडे पळतो.
लिंदोर म्हणतो, वास गेला, समुद्राने धुतला.
मला येतो, ओल्या दिवसांत,
तंबाखू आणि डांबर.
मी त्याला सांगत नाही.

ईस्टरला नोल्बेर्तो आला. मधल्या खोलीत
सवयीने मान वाकवून तुळई चुकवली,
दोन कप माते प्यायला, छत वाखाणलं नाही.
जाताना दार उघडून
तिसऱ्या पायरीसाठी पाय खाली सोडला.
आमच्याकडे दोनच पायऱ्या आहेत.

मी त्याचा दंड धरला.
दोघंही काही बोललो नाही.

खांब अजून आलेले नाहीत.